बोलीवर दिलेली

आमच्या घरात माणसांपेक्षा गुरांची भाषा जास्त चालायची. बाबा हेडी होते, म्हणजे गुराढोरांची खरेदी-विक्री हाच त्यांचा धंदा. धाडचा बाजार असो की मेहकरचा, परतल्यावर जेवता जेवता ते सगळा बाजार ताटाभोवती उभा करत. दुधाचे दात न पडलेला गोऱ्हा अदंत; सगळे दात आलेला, वयाने मुरलेला बैल जुळला. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडायचा अवकाश, आई म्हणायची, "जुळलेला दिसते, अन् सांगते पंचविशीचा." आम्ही खो खो हसायचो. गाभ न धरणाऱ्या गाईला भाकड म्हणतात हेही मी असंच हसत शिकले.

पण बाबांचा खरा जीव एका शब्दावर होता. बोली. बैल विकताना हेडी चारचौघांत सांगतो, याला खोड नाही, हा जुवाखाली बसणार नाही, लाथ मारणार नाही. घेणाऱ्याने जनावर घरी न्यावं, कामाला लावून पाहावं, खोड निघाली तर परत आणावं, आणि हेडीने तोंड वाकडं न करता ठेवून घ्यावं. एकच अट असे. परत आणलेल्या जनावराच्या अंगावर माराची खूण नसावी. खूण दिसली की बोली मेली. मग ते जनावर घेणाऱ्याच्याच गळ्यात. बाबा परत आलेल्या बैलाच्या पाठीवरून केसांच्या उलट्या दिशेने हात फिरवून पाहायचे. कागद नाही, शिक्का नाही. सरकारी हुकूम नागपूरहून निघायचे, पण बाजार चालायचा तो जबानीवर. बोलीवरचं जनावर बाबांनी कधी नाकारलं नव्हतं आणि याचा त्यांना फार गर्व होता.

अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं ते मेहकरकडच्या शेतकरी घरात. सुपारी फुटली, बैठक खुशीत आली. व्याह्यांनी थट्टेने विचारलं, "काय इवाई, माल खरा आहे ना?" बाबा ऐटीत म्हणाले, "बोलीवर देऊन राह्यलो. खोड निघाली त घेऊन या परत." सगळे हसले. बाबांचे भागीदार, धाडचे एक मुसलमान व्यापारी, तेवढे हसले नाहीत. "लेकीची बोली नाई करत, भाऊ," ते म्हणाले. बाबांनी त्यांच्यापुढे टाळीसाठी हात केला. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

काही वर्षं गेली, अक्काची कूस उजवली नाही. दरम्यान माझं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते. एका दुपारी व्याह्यांची दमणी, त्यांची बैलगाडी, अंगणात येऊन थांबली. जावई सोबत नव्हता. मागच्या बाजूला मांडीवर गाठोडं घेऊन अक्का बसलेली. व्याह्यांनी बैल सोडले, पाणी प्याले आणि म्हणाले, "भाकड निघाली. तुमची बोली होती."

मला वाटलं, बाबा आता उठतील, आता त्याला दमणीसकट वेशीबाहेर घालवतील. ते उठले नाहीत. ओसरीवर खांबाला टेकून जमिनीकडे पाहत बसले.

मी अक्काला परसात नेलं, हातपाय धुवायला पाणी घातलं. ती वाकली तसा पदर घसरला आणि चोळीखालची पाठ दिसली. तापलेल्या उलथण्याचे डाग होते, एकाखाली एक. जुने काळे पडलेले, एक अजून ओला. मी ओरडणार तोच तिने माझ्या तोंडावर हात दाबला.

"बाबाले सांगू नको."

"काऊन? त्या लोकायनं तुले..."

"डाग पाह्यले त बोली मरते. बाबा मले परत धाडीन."

बाबा असं करणार नाहीत, एवढं तरी मी छातीठोकपणे म्हणायला हवं होतं की नाही? पण ओसरीवर बसलेला तो माणूस बाप होता की हेडी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही येत नाही, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

आम्ही पुढे आलो तेव्हा शेजारपाजारचे लोक जमले होते. बाबांनी मान वर न करता विचारलं, "पोरी, आंगावर मार-गिर काही आहे काय?"

जवळ बोलावलं नाही, जवळ गेले नाहीत. बसल्या जागेवरून विचारलं.

अक्काने पदर गळ्याशी आवळला. "नाई, बाबा. काहीच नाई."

"पाहा," व्याही लोकांकडे वळून म्हणाले, "जशी नेली तशी आणली."

"ठेवून घेतली," बाबा म्हणाले.

व्याही जेवून गेले. त्यांना वाढलं अक्कानेच. दर वेळी वाकताना ती ओठ चावत होती, ते मी पाहत होते.

गावात व्याह्यांचं नाव झालं. भली माणसं, सून नांदवली नाही पण तिला बोटही लावलं नाही. हे लोक अक्काच्या तोंडावर बोलायचे आणि ती "हाव" म्हणायची. तिला कोणी कुणाची ओटी भरायला बोलावलं नाही. माझ्या लेकराच्या बारशाला ती चुलीपाशीच बसून राहिली. बाबा गेल्यावर मी म्हटलं, आता तरी सांग. ती म्हणाली, "आता काय त्याची जबान खाली पाडू?"

अक्का तापाने गेली. शेवटची आंघोळ घालायला शेजारच्या बायका आल्या. तिला कुशीवर वळवलं आणि पाणी घालणारीचा हात थांबला. त्यांतल्या म्हातारीने, व्याह्यांचं कौतुक जिने सगळ्यांत जास्त केलं होतं तिने, मला विचारलं, "हे कवाचं व?"

"परत आली तवाचं."

बाहेरून पुरुष हाका मारत होते, उशीर होतो म्हणून. तिचा नवरा जिवंत होता, म्हणून आम्ही तिला सवाष्णीचं हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. पाठ झाकली गेली. उचलताना म्हातारीने हात जोडले.

"भाग्याची व माय," ती म्हणाली. "अहेव गेली."