कमरेला खोचायचं मशीन

आईचं पावलं मोजायचं पहिलं मशीन अंगठ्याएवढं होतं आणि त्याला मागे चिमटा होता. पालघरच्या डॉक्टरांनी तिचं हृदय तपासून सांगितलं होतं, "रोज चाला, ओझं हलकं ठेवा, एका जागी बसू नका." माझ्या धाकट्या भावाने त्यातलं ओझं तेवढं ऐकलं आणि तो तिची माशांची पाटी बंद करायला निघाला. आईने घर डोक्यावर घेतलं. शेवटी दोघांत तह झाला. पाटीत अर्धेच मासे घ्यायचे, कमरेला मशीन लावायचं, आणि आई पुरेशी चालते असं भावाच्या फोनवर दिसत राहिलं तर पाटी चालू. भाऊ तारापूरच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बसतो. दिवसभर पडद्यावरचे आकडे बघून बघून त्याला माणसाआधी आकडाच दिसतो.

आईला मशीन आवडलं. लुगड्याच्या कमरेला खोचलं की विसरून जायचं, मासळीचं पाणी लागायची भीती नाही. किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून रिक्षाने बोईसरला यायची, तिथून कुंभवलीच्या चाळींमधून हिंडायची. पाळी सुटलेले कामगार दारातून ओरडायचे, "मौसी, बोंबील है क्या?" ही त्यांना बोंबील द्यायची आणि वर त्यांच्या बायका-पोरांची चौकशी करायची. त्यांच्या गावांची नावं तिला चुकीची का होईना, पाठ होती. घरी आल्यावर भावाला म्हणायची, "बघ तुज्या फोनात, तुजी म्हातारी कुठवर पोचली ती." तो हसायचा. ते दिवस फार चांगले होते.

मग एकदा मासे खारवताना मशीन मिठाच्या टबात पडलं ते कायमचंच बंद झालं. मी पालघरला शाळेत शिकवते. सुट्टी काढून बोईसरला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, चिमट्याचं आता येत नाही, सगळी मनगटावरची आली. नव्यात नाडी कळते, झोप कळते, आणि दीर्घ श्वास घ्यायची आठवणसुद्धा होते. आमच्या आईला श्वास घ्यायची आठवण! मी तरी पट्टा घेतला, कारण कंपनी तीच होती आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पूर्वीपेक्षा अचूक' असं लिहिलं होतं.

आता पाटी डोक्यावर असली की एक हात तिला धरलेला असतो, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. आईचा तो हात डावा. उजवा मासे निवडायचा, ओला, खवल्यांनी भरलेला, म्हणून पट्टा तिने सहज डाव्या हातावर बांधला. तो हात डोक्यावर पाटीला धरून स्थिर, आणि खाली बाई कुंभवली पालथी घालतेय. पट्टा मोजतो ती हाताची हालचाल, त्यामुळे त्याच्या हिशेबी ती जागची हललीच नव्हती. उलट एकदा वाऱ्यामुळे होड्या बंद होत्या आणि ती ओट्यावर बसून आदल्या दिवशीची कोळंबी सोलत होती, त्या दिवशी पट्ट्याने पडद्यावर फटाके उडवले आणि शाबासकी दिली.

मी हसून लोटपोट झाले. भाऊ हसला नाही. त्याने फोन पुढे धरला. "बाजाराच्या दिवशी बसून राहते, घरी असली का चालते. मग पाटी कशाला पायजे?"

मी त्याला हाताचं समजावलं. तो म्हणाला, "तू तिचीच बाजू घेणार." मी कंपनीला फोन लावला. जुन्यात कमर की मनगट असं निवडता यायचं, ते कुठे गेलं, असं विचारलं. पलीकडची बाई फार गोड बोलली. ती सोय नव्या मॉडेलमध्ये काढली आहे, म्हणाली, ग्राहकांच्या सोयीसाठी. उजव्या हातावर तो खवल्यांत बरबटायचा, म्हणून आम्ही पट्टा कमरेला खोचूनही पाहिला. अंगाला चिकटलेला नाही म्हणून तो झोपूनच गेला. मला त्या कंपनीचा इतका संताप आला की खोकं पायाने ठोकरलं. एक चिमटा ठेवला असता तर यांच्या बापाचं काय जात होतं? आम्ही यांच्यावर विश्वास टाकून आईची पाटी यांच्या हवाली केली होती.

भावाला मी म्हटलं, एक दिवस रजा काढ आणि तिच्या मागून चाल. तो तयारही झाला असता. पण आईने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आमी खोटं बोलतो का?" ती त्याला म्हणाली. "तुला वाडवला त्या पाटीवर, तवा कोन मोजीत होता? आता माज्या मागून येशील, चोराच्या मागून येतात तसा?"

तो म्हणाला, "आई, मशीनला काय पडलंय खोटं बोलायला? तुज्या जिवासाठी बोलतो मी."

दुसऱ्या दिवशी पाटी आणि डोक्यावरची चुंबळ तिने शेजारणीला देऊन टाकली. मी भांडले, रडले. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. मला वाटतं, मशीनचं दुःख तिला नव्हतंच. ते बिचारं बोलूनचालून परकं होतं.

आता ती ओट्यावर बसते. शेजारणी कोळंबी आणून टाकतात, ती सोलून देते. पट्टा डाव्या हातावर असतोच, तो भावासाठी. दोन्ही हात सारखे चालू असल्यामुळे रोज फटाके उडतात. मधल्या काळात तिच्या पायांना सूज आली आहे आणि विहिरीपर्यंत गेली तरी दम लागतो. मी भावाला सांगते, तो मला फोन दाखवतो.

परवा रविवारी तो तिच्याजवळ येऊन बसला, खूश होता. "बघ आई, पाटी सोडली तर किती चालतेस! इतकी तर कदी चालली नव्हतीस."

आईने सोललेली कोळंबी परातीत टाकली. "हां," ती म्हणाली. "विचार तरी, कुठं कुठं गेलते."

तो हसला, तिच्या पाठीवर थोपटलं आणि आत जेवायला गेला.