हूरबाईची मोडलेली नमाज

हूरबाईला एका जागी बसणं माहीत नव्हतं. भाकरी तव्यावर टाकायची आणि उंटांच्या पिल्लांकडे चक्कर मारून यायची. भाकरी करपायची. नवरा अलाना म्हणायचा, "हिच्या पायाला अल्लानं चाकं लावलीत."

कच्छच्या खाडीकाठच्या, उंट पाळणाऱ्या जतांच्या त्या वस्तीत मी अठरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचो. तेव्हाची ही गोष्ट.

अलाना अडतीस उंट पोहवत समोरच्या तिवरांच्या बेटावर चरायला घेऊन गेला होता. पोहता न येणारी सहा पिल्लं हूरबाईकडे ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळीच पूर्वेचा वारा सुटला. वादळ येतंय, एकही होडी पाण्यात घालू नका, अशी दवंडी फिरली. अलानाचा फोन झोपडीतच पडलेला.

दुपारच्या नमाजेला हूरबाई उभी राहिली आणि मध्येच सोडून निघाली. सासरा जुसब, जो तिचा सख्खा चुलताही होता, बाहेर जपमाळ ओढत बसला होता.

"पोरी, नमाज मोडून कुठं निघालीस?"

"चाचा, कपाळ टेकलं की पाण्याचाच आवाज येतो."

"अल्लावर भरोसा ठेव."

"अल्लावर आहे. समुद्रावर नाही."

ती थेट सुलेमान नाखव्याकडे गेली. तो होडी वाळूवर ओढत होता.

"मला बेटावर सोड."

"भाभी, ही लाट बघ. मी बुडालो तर माझी बायकोही अशीच दारोदार फिरेल."

"दाढी एवढी वाढवलीस, काळीज मात्र कोंबडीचं!"

सुलेमान होडी ओढत राहिला. त्याचं खरं होतं हे तिलाही कळत होतं. त्या बोलण्याची लाज वाटली, असं तिनं मला नंतर सांगितलं.

किनाऱ्यावर ती येरझारा घालत राहिली. "या रब, मला नुसतं बसवू नकोस. हातांना काही तरी काम दे." हे ती एवढ्या मोठ्यानं म्हणत होती की दवाखान्यात मला ऐकू आलं. वस्तीत भुकेली पिल्लं ओरडत होती. ती थबकली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि पळत माझ्या दाराशी आली.

"दाक्तर, दोर घे. वारा बेटाकडे चाललाय. पिल्लांना खाडीच्या तोंडावर नेऊ. आयांनी ऐकलं तर येतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर त्यानं ऐकावं," ती वर बघत म्हणाली.

सहाही पिल्लं आम्ही खुंट्यांना बांधली. दूध दिलं नाही. ती केकाटू लागली. हूरबाई या पिल्लाकडून त्या पिल्लाकडे धावत होती, मध्येच कलमा पढायची, मध्येच मला विचारायची, "काही दिसतंय?" दिसत काहीच नव्हतं. ऊन कललं. वाळू डोळ्यांत जात होती. पिल्लांचे घसे बसले, तिचाही.

मग तिवरांच्या कडेला पाण्यात काळे ठिपके दिसले. उंटांची डोकी होती ती. सगळ्यांत पुढच्या सांडणीच्या मानेला अलाना घट्ट बिलगलेला होता. तो वाळूवर आला तशी हूरबाईनं आधी त्याला शिव्या घातल्या, मग त्याच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली.

"सकाळपासून हाकतोय," अलाना धापा टाकत म्हणाला, "एकही उंट पाण्यात उतरेना. मग या सांडणीनं, मोरीनं, कान टवकारले आणि घुसली. बाकीचे तिच्यामागं." पाच उंट मात्र प्रवाहानं ओढून नेले.

संध्याकाळी तिनं सासऱ्याला विचारलं, "चाचा, मोडलेली नमाज कबूल होते का?"

"दुपारभर किनाऱ्यावर काय करत होतीस मग? सगळ्या वस्तीनं ऐकलं."

तिचं समाधान झालं नाही. झोपडी वाऱ्यानं हलत असताना तिनं सबंध नमाज पुन्हा पढली.

वादळ बाजूनं निघून गेलं. आठ दिवस नवराबायको किनारा धुंडाळत फिरले, तेव्हा तीन उंट एका लांबच्या गावी सापडले. मी म्हटलं, "आता बसला ना भरोसा?"

"आधी नव्हता होय?" ती माझ्यावरच उखडली. "घाबरले होते. घाबरणं वेगळं."

आणि उरलेल्या दोघांचा माग काढायला ती उलट्या दिशेनं चालू लागली.