सोनबांच्या हक्काचा टोमणा

विश्रांतवाडीतल्या सोनबांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत, आमच्या डोक्यावर, ते राहायला आले. चहा मात्र अजून बशीतूनच पितात, आणि तोही खाली आम्हाला ऐकू यावा असा. त्यावरून त्यांना बोलायची हिंमत घरात एकाच माणसाला होती, सून उत्कर्षाला. ती बिबवेवाडीची. "मामा, चहा पिताय की विहीर उपसताय?" असं रोज सकाळी विचारायची. सासूबाई बायडाबाई कपाळाला आठ्या घालायच्या. सोनबांना मात्र त्या टोमण्याशिवाय चहा उतरायचा नाही.

बाळंतपणाला उत्कर्षा माहेरी गेली आणि मुलगी घेऊन परतली. जीभ बहुधा तिकडंच विसरून आली. सांगितलं तेवढं करायची, वाढलं तेवढं खायची, कशालाच उलटून बोलायची नाही. बायडाबाई शेजारणींना कौतुकानं सांगू लागल्या, लेकरू झालं आणि सून कशी गुणाची झाली. आपल्याकडं बाई गप्प झाली की तिला शहाणी म्हणायची पद्धतच आहे, आणि मला या पद्धतीचा मनस्वी राग येतो. नवरा ऋषी लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाला, झोप होत नाही, थकली असेल.

सोनबांचं समाधान होईना. त्यांनी मुद्दाम मोठा भुरका मारला. सदऱ्याची बटणं वरखाली लावून तिच्यासमोर बसले. उत्कर्षानं पाहिलं आणि नजर भिंतीकडं वळवली. तेव्हा म्हातारा घाबरला.

त्या दुपारी बाळ रडत होतं आणि ती शेजारी नुसती बसली होती. सोनबांनी नातीला उचलून घेतलं.

"पोरी, काय व्हतंय तुला?"

"मामा, हिला माझ्यापेक्षा चांगली आई मिळायला हवी होती. मी नसले तर बरं, असं सारखं वाटतं."

सोनबा तिच्याजवळून हलले नाहीत. तिथूनच ऋषीला फोन करून बोलावून घेतलं. बायडाबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, तर म्हणाले, "काढ, पण रिक्षा यायच्या आत."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. बाळंतपणानंतर येणारं हे नैराश्य आहे, म्हणाल्या, पुष्कळ जणींना येतं, हा आजार आहे आणि उपचारांनी बरा होतो. यात तिचा दोष नाही, ती वाईट आई तर नाहीच. बाळाला पाजताना चालतील अशी औषधं दिली, समुपदेशकाकडं नियमित यायला सांगितलं, आणि सध्या तिला एकटं ठेवायचं नाही, असं ऋषीला बजावलं. ते ऐकताना उत्कर्षा कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडली.

घरानं कामं वाटून घेतली. रात्री बाळाला ऋषी सांभाळायचा, पहाटे बायडाबाई, म्हणजे उत्कर्षाला सलग झोप मिळे. 'गुणाची' हा शब्द बायडाबाईंनी टाकला. जरा बरं वाटायला लागलं होतं, तोच उत्कर्षा पुन्हा अंथरुणाला खिळली, तेव्हा सगळ्यांचाच धीर सुटला. औषध मात्र कुणी चुकू दिलं नाही.

मग एका सकाळी सोनबांनी नेहमीसारखा भुरका मारला आणि नात दचकून रडायला लागली. उत्कर्षा तिला थोपटत म्हणाली, "रडू नको गं. आजोबांच्या विहिरीला पाणी लागलंय."

सोनबांचे डोळे भरून आले. बायडाबाई जुन्या सवयीनं सुनेला रागवायला वळल्या, तर सोनबांनी बशीच पुढं केली.

"आजून वत," म्हणाले. "पोरगी बोलाय लागलीया."