ताजं लिंबू, जुनी गळती

आज शनिवार. आमचे हे जुन्या गाडीला ताजी लिंबू-मिरची बांधत होते आणि माझी नजर मागच्या चाकाखालच्या ओल्या डागावर खिळली होती. ब्रेक ऑइल गळतंय. आतलं रबर गेलंय, हे गॅरेजवाल्याने केव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून ह्यांनी डिकीत ऑइलची बाटली ठेवली आहे. कमी झालं की ओतायचं.

"जुनी गाडी म्हटली की एवढं चालायचंच," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. चालायचंच! छत गळलं की खाली बादली ठेवू, नळ गळला की चिंधी गुंडाळू. दुरुस्ती सोडून सगळं करू आणि वर दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधू. या खटाऱ्याला दृष्ट लावायला बसलंय कोण?

उद्या आमची लेक हीच गाडी घेऊन घाट उतरणार आहे.

"मग उद्या तिच्या शेजारी तुम्ही बसा," मी म्हटलं.

ह्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं. मग गॅरेजवाल्याला फोन लावला.

ते बघून तर माझा संताप आणखीच वाढला. म्हणजे इतके दिवस ह्यांना सगळं कळत होतं.