शोभेच्या गवताची पेंढी

झुंबरबाईंनी उभ्या जन्मात कापलेली वैरण एका जागी रचली असती, तर जोतिबाचा डोंगर ठेंगणा दिसला असता. त्यांच्या पेंढीकडं कुठल्याही जनावरानं कधी पाठ फिरवली नाही, एवढी एकच बढाई त्या मारत. दोन वर्षांपूर्वी म्हैस विकली, गोठा पाडला, आणि त्या जागी सुनेनं, वर्षाराणीनं, रोपवाटिकेतून आणून गवत लावलं. शोभेचं! ते पुरुषभर वाढलं, रुपेरी तुऱ्यांनी डुलायला लागलं.

"गवताला रोज पाणी," झुंबरबाई गल्लीभर सांगत, "आन् सासूला च्या मागून घ्यावा लागतोय." खरं तर चहा वेळेवर मिळायचा. हात रिकामे होते, त्याचा तो राग होता. वर्षाराणी मात्र हे ऐकून हिरमुसायची.

थंडी सरली, गवत वाळून लोळलं. नवा फुटवा यायला ते वीतभर ठेवून कापावं लागतं, म्हणून वर्षाराणी कात्री घेऊन बसली. अर्ध्या तासात आठ गड्ड्यांतला एक निम्माच झाला आणि हातावर ओरखडे उठले.

"सरक," झुंबरबाई विळा घेऊन आल्या. "आधी कवेत घ्यायचं, मंग कापायचं. केसं विंचरतीस व्हय?"

घटकाभरात आठही गड्डे साफ झाले.

"आत्ती, कचऱ्याच्या गाडीत टाकूया."

"वैरण कचऱ्यात? येडी का काय तू?"

डोक्यावर पेंढी घेऊन त्या थेट बयाबाईच्या गोठ्यात गेल्या. गल्लीत म्हैस आता तिच्याकडंच उरली होती. म्हशीनं पेंढी हुंगली, फुरफुरली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

बयाबाई पदराआड हसली. "झुंबराक्का, म्हैस तोंड लावीना की. असलं दारात लावताय?"

झुंबरबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण सुनेच्या गवताला कुणी 'असलं' म्हटलेलं त्यांना झोंबलं. तो हक्क फक्त त्यांचा होता.

"बये, तुझ्या म्हशीनं उसाच्या पाल्याशिवाय काय बघितलंय? तुरं आल्यावर ये. लोकं गाडी थांबवून फोटू काढत्यात." पेंढी म्हशीखाली अंथरून त्या तरातरा निघाल्या.

वर्षाराणी फाटकातच उभी होती. "खाल्लं का हो म्हशीनं?"

झुंबरबाईंनी तिच्या ओरखडलेल्या हातांकडं पाहिलं.

"चवीनं खाल्लं. बयी म्हणती, पुढच्या साली आणखी जास्त लावा."