काकांना उपास नसलेला बुधवार

आमच्या घरची लग्नं आणि शेजारच्या काकांचे उपास यांची काय सोयरीक होती, कोण जाणे. थोरल्या भावाचं लग्न लागलं त्या दिवशी काकांना सोमवार होता. माझ्या लग्नात गुरुवार. दोन्ही वेळा काका पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, आहेर दिला, जोडप्यासोबत फोटो काढला आणि पंगत बसायच्या वेळेला नेमका त्यांना उपास आठवला. मग सुपारी तोंडात टाकली आणि चालले घरी. उपासाला सुपारी कशी चालते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

काका नात्याचे नव्हेत. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या बाजूला आमचं गाव. तिथे त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, आणि आमची बांधी यांच्यात एकच धुरा, एकच बांध. बाबा आणि ते शाळेत एका वर्गात होते, पुढे दोघांनी एका मोटरीवर शेताला पाणी ओललं आणि चाळीस वर्षं एकमेकांच्या चुन्याच्या डबीतून तंबाखू मळली. तंबाखू चालायची, अन्न चालत नव्हतं. आम्ही बौद्ध, ते हिंदू शेतकरी. गावात कोणी कोणाला वाईट बोलत नाही हो, फक्त जेवायच्या वेळेला सगळ्यांना आपापलं घर आठवतं.

आई म्हणायची, जाऊ द्या, नाही जेवला तर आपला भात वाचला. बाबांना ते जमायचं नाही. माझ्या लग्नाच्या संध्याकाळी मांडव सोडता सोडता ते जे गप्प झाले, ते माझी पाठवणी होईपर्यंत गप्पच होते. मला वाटलं लेक चालली म्हणून. कसलं काय! काकांसाठी राखून ठेवलेलं पान तसंच उचलावं लागलं, त्याचं ते दुःख होतं. मला त्या दिवशी काकांचा असा राग आला होता की नव्या साडीचा पदर खोचून मी त्यांच्या अंगणात भांडायलाच जाणार होते. आईने हात धरून ठेवला.

मग धाकटीचं ठरलं. घरातलं शेवटचं लग्न. बाबांनी आईला स्पष्ट सांगितलं की या वेळी तो माझ्या मांडवात जेवला नाही, तर यापुढे धुऱ्यावर त्याच्याजवळ बसणं बंद. आईला हसू आलं, पण बाबा हसले नाहीत.

आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. सुट्टीचा वार पाहतात आणि मंडपवाला मोकळा आहे का ते पाहतात. पण बाबा आयुष्यात पहिल्यांदा पंचांग पाहायला निघाले, आणि कुठे? तर काकांच्याच ओसरीवर! तिथे भिंतीला मोठं कॅलेंडर टांगलेलं असायचं. बाबांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून काकांनी स्वतः आपला चष्मा चढवला आणि मे महिना वाचून दाखवला. या दिवशी चतुर्थी, या दिवशी एकादशी, सोमवार माझा, गुरुवार माझा, शनिवार बायकोचा. शेवटी एका बुधवारावर बोट ठेवून म्हणाले, हा घ्या, अगदी मोकळा आहे. बाबा ताकाला गेले होते, पण भांडं त्यांनी असं काही लपवलं होतं की काकांना वाटलं, चला, गडी उशिरा का होईना शुभ-अशुभ पाहायला लागला.

बुधवार म्हटल्यावर पाहुणे खवळले. नोकरीवाल्यांनी रजेचं काय करायचं? बाबा म्हणाले, बिनपगारी घ्या, पण बुधवारच.

आता आमच्याकडच्या आवतनाची गोष्ट सांगायला हवी. आवतन, म्हणजे जेवणाचं बोलावणं, दोन तऱ्हेचं असतं. एक असतं घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद. चूलबंद आवतन घेतलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, लहानथोर सगळे देणाऱ्याच्या दारी जेवतात. घेऊनही चूल पेटवली, तर देणाऱ्याचा अपमान. काकांकडून आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या एका माणसाचं यायचं. आम्ही मात्र त्यांना चूलबंदच द्यायचो. ते हो म्हणायचे आणि त्यांच्या घरून धूर निघायचाच. हे दोन्ही घरांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

बाबा आवतन द्यायला गेले तेव्हा काका राईस मिलवर आणि काकी मंदिरात होत्या. घरी होती फक्त नवी सून, गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. तिने आवतन म्हणजे काय ते विचारलं. बाबांनी सांगितलं. तिने मान डोलावली. आता आमच्या घरचं आवतन घ्यायचं पण पाळायचं नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. जे मोठ्याने बोलायची लाज वाटते, ते सुनेला सांगणार तरी कोण?

लग्न छान लागलं. वरून विमानतळाचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं आणि मांडवात काका. कधी आहेराजवळ, कधी कुलरजवळ. पानाजवळ काही उतरायला तयार नाहीत. आचारी बाहेरचा बोलवा, म्हणजे गावाला जेवायला सोपं जाईल, असं कोणीतरी सुचवलं होतं. बाबांनी ते उडवून लावलं होतं, रांधलं आमच्याच मोहल्ल्यातल्या बायकांनी. पंगत बसली तसा बाबांनी काकांचा हात धरला. काकांनी दुसरा हात पोटावर ठेवला. सकाळपासून पोटात गडबड आहे, डॉक्टरने मुगाच्या खिचडीशिवाय काही सांगितलं नाही, वगैरे. आणि मी सकाळीच बस स्टॉपवर त्यांना तर्रीत बुडवलेले दोन आलुबोंडे खाताना पाहिलं होतं! बाबांनी हात सोडला. त्यांचा चेहरा पाहवेना. काका सुपारी घेऊन निघाले.

दहा मिनिटांत काका परत. सरळ बायकांच्या पंगतीकडे. तिथे त्यांची सून आणि काकी मांडी ठोकून बसल्या होत्या. काकी बुंदी मागून घेत होत्या. काका वाकून हळूच सुनेला स्वयंपाकघराची किल्ली मागू लागले. किल्ली तिच्या कमरेला होती. ती पदर सावरून उभी राहिली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबूजी, आज तो अपना चूलबंद है ना. मैंने गैस भी नहीं जलाया. खाना यहीं है."

सगळ्या पंगतीने माना वळवल्या. पुरी लाटणाऱ्या बायांचे हातही थांबले. काकांना पुढे जाता येईना, मागे जाता येईना. हा माणूस आता सगळ्यांसमोर तोंडावर आपटणार म्हणून मला, खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या होत होत्या.

पण बाबा पुढे आले. त्यांनी दोन पत्रावळी उचलल्या, बसायच्या रिकाम्या पट्टीसमोर शेजारी शेजारी मांडल्या आणि एकीसमोर स्वतः बसले. "मी बी सकाळपासून उपाशी आहो, भाऊ," ते म्हणाले. "एकट्याले जेवन जात नाही. बसा."

काका बसले. वाढायला मी होते. भात, वरण, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. काका खाली मान घालून जेवले. पोट बिघडलेल्या माणसासारखे तर मुळीच नाही. पान चाटूनपुसून साफ झालं तेव्हा मी टोमणा तयार ठेवला होता. माझ्या लग्नापासूनचा, चांगला मुरलेला. तोंड उघडणार तोच काका पानाकडे पाहतच म्हणाले,

"पोरी, मांगच्या दोन लग्नाचं जेवन राहून गेलं माह्यं. थे बी वाढ."

टोमणा कुठे गेला कळलं नाही. डोळे मात्र भरून आले आणि भाजीचं भगोणं नीट दिसेना. एक पळी भावाच्या लग्नाची वाढली. दुसरी माझ्या लग्नाची, ती मी काठोकाठ भरली.

"हळू वाढ," बाबा म्हणाले, "खरंच पोट बिघडंल."

मी त्यांना वाढायला वळले, तर त्यांच्या पानातला भात तसाच होता. सकाळपासूनचा उपाशी माणूस, स्वतःचं जेवायचं विसरून शेजारच्या पानाकडे बघत बसला होता.