वाकड्या बोटांचा रग्बीवाला

वरोऱ्याच्या बसमध्ये दोन रग्बीवेडे वाद घालत होते. परदेश दौऱ्यातली मालिका एक-एक अशी बरोबरीत सुटली होती.

“तिसरा सामना काऊन नाई ठेवला?” एक चिडला.

दुसऱ्याची बोटं खेळून वाकडी झालेली. तिकिटाची बारीक घडी घालत तो म्हणाला, “तारखाच नव्हत्या. अन् सामना झाला का दोन्ही संघ एकाच पंगतीले बसते, भाऊ.”

तो मध्येच उतरला. नाव विचारायचं राहिलं.

मी बहिणीच्या नवऱ्याच्या तेरवीला निघाले होते. तिच्या घराच्या वास्तुशांतीला मी गेले नव्हते, माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली नव्हती. आता तिथं पाणीही प्यायचं नाही, असा माझा बेत. पासष्टीची पोर होते तेव्हा, अक्कल यायची होती.

बहिणीला शेजारी बसवून जेवले. वरण खारट होतं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.